कापून न्यावं, शिवून आणावं

क्विल्टिंगच्या, म्हणजे तुकडे जोडून गोधडी शिवण्याच्या, रिट्रीटला पहिल्या दुपारी हॉलमध्ये शिरलं की टेबलांकडे बघूनच कळतं, कुणाचं काम पुढे सरकणार आहे. एका टेबलावर मशीन लागलेलं, शेजारी चपट्या डब्यात कापलेल्या तुकड्यांच्या गड्ड्या, आणि शिवणारीचे हात केव्हाच चालू झालेले. पलीकडच्या टेबलावर दहा-बारा कापडांच्या घड्या उलगडलेल्या, मधोमध नमुन्याचा कागद, आणि हातात फूटपट्टी घेऊन उभी असलेली बाई अजून ठरवतेय, निळ्याशेजारी करडा घ्यावा की पांढरा. दोघींच्या पिशव्यांत सामान जवळपास सारखंच असतं. पहिलीने निर्णय घरी घेतलेले असतात, दुसरीने ते सोबत आणलेले असतात.

रिट्रीट म्हणजे तसं साधं प्रकरण. दहा-वीस जण दोन-तीन दिवस एका छताखाली राहतात. प्रत्येकाचं मशीन आपलं, प्रत्येकाची गोधडी आपली. शिकवणी बहुधा नसते. तिथे मिळतो तो सलग वेळ, जो घरी चार कामांच्या फटीत सापडत नाही. पण घरी असलेल्या दोन गोष्टी तिथे नसतात : शांतता आणि स्वतःचं कापायचं टेबल. उंच टेबल एखाददुसरंच असतं आणि त्याच्याभोवती माणसं थांबलेली असतात. इस्त्री चौघांत एक. दिवे हॉलला शोभतील असे, सुईत दोरा ओवायला उपयोगाचे नाहीत. आणि सतत बोलणं चालू. बोलता बोलता सरळ टीप मारता येते, हिशोब मात्र करता येत नाही. म्हणून मोजणं, निवडणं, कापणं ही डोक्याची कामं घरी उरकावीत आणि तीच ती शिवण पुन्हापुन्हा घालायची कामं तिथे न्यावीत. तयारीचा सगळा तपशील या वाटणीतूनच निघतो.

सुरुवात वेळेच्या हिशोबापासून करावी, कारण जास्तीचं सामान नेण्याचं मूळ तिथे असतं. समजा ६० × ७२ इंचांची गोधडी आहे. शिवून झाल्यावर १२ इंचांचा होणारा ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला चौकोन, धरला, तर ५ ओळींत ६ प्रमाणे ३० ब्लॉक लागतात. एक ब्लॉक घरी घड्याळ लावून शिवून बघावा. इस्त्रीचा वेळही त्यात धरावा. ४० मिनिटं लागली, तर ३० ब्लॉकचे २० तास झाले. त्यावर एक तृतीयांश वाढवावेत : उसवण्यासाठी, बॉबिन (खालच्या दोऱ्याचं रीळ) भरण्यासाठी, इस्त्रीपाशी थांबण्यासाठी, शेजारणीचं काम बघण्यासाठी. म्हणजे जवळजवळ २७ तास, आणि यात ब्लॉक एकमेकांना जोडण्याचा वेळ अजून धरलेलाच नाही. तीन दिवसांत, जेवणखाण आणि फेरफटका सोडून, मशीनपाशी दिवसाचे ७ तास मिळाले तर खूप झाले, एकूण २१. म्हणजे गोधडीचा हा एकच, तुकड्यांचा वरचा थर तीन दिवसांत पुरा होत नाही. हा आकडा कागदावर दिसला की चार गोधड्यांचं कापड भरण्याची इच्छा आपोआप ओसरते.

वेळ मोजायला शिवलेला तो एक ब्लॉक दुसऱ्या कारणासाठीही अत्यावश्यक आहे. नमुन्यात लिहिलेली मापं चुकीची असू शकतात, आपण ती चुकीची वाचलेली असू शकतात, आणि आपली शिवण जाड-बारीक असू शकते. ३० ब्लॉकचं सगळं कापड आधी कापून मग पहिला ब्लॉक शिवायचा, हा क्रम माझ्या मते क्विल्टिंगमधला सगळ्यात महाग पडणारा क्रम आहे. आधी एकाचेच तुकडे कापावेत, शिवावेत, मोजावं. न जोडलेला ब्लॉक बरोबर साडेबारा इंच भरला (दोन्ही कडांचं पाव-पाव इंच पुढे जोडताना शिवणीत जातं), तरच बाकीच्या २९ ला हात घालावा.

शिंपीकामात शिवणीसाठी सोडलेल्या कापडाला माया म्हणतात, आणि क्विल्टिंगमध्ये ती पाव इंच असते, म्हणजे २ सूत. पण पाव इंचावर बरोबर शिवलं तरी ब्लॉक लहान येतो, कारण शिवण इस्त्रीने एका बाजूला पाडली की घडीच्या जाडीत धाग्या-दोन धाग्यांची रुंदी जाते. म्हणून टीप पाव इंचापेक्षा किंचित कमी अंतरावर, काठाकडे सरकवून घ्यायची. किंचित म्हणजे किती, हे प्रत्येक मशीन, दोरा आणि कापडागणिक बदलतं, त्यामुळे ते करूनच बघावं लागतं. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापून शेजारी शेजारी जोडाव्यात आणि दाबाव्यात. मधली पट्टी बरोबर १ इंच आणि एकूण रुंदी साडेतीन इंच भरली पाहिजे. मधली पट्टी कमी भरली तर सुई डावीकडे जास्त आत जातेय. जास्त भरली तर काठाच्या फार जवळ. टीप नुसती १/३२ इंचाने जास्त आत गेली, तरी कापड दोन्ही बाजूंनी खाल्लं जातं, म्हणजे दर शिवणीला १/१६ इंच. चार तुकड्यांच्या ओळीत तीन शिवणी असतात, त्यामुळे ब्लॉक दीड सुताने आखूड होतो. सगळे ब्लॉक एकाच नमुन्याचे असतील तर सगळेच सारखे आखूड होतात आणि चूक लपून जाते. दोन नमुने आलटून-पालटून लावायचे असतील, एकात तीन शिवणी आणि दुसऱ्यात सात, तेव्हा ते एकमेकांना बसत नाहीत. मग रिट्रीटच्या दुसऱ्या दिवशी ब्लॉक ओढूनताणून जुळवणं सुरू होतं.

याच कारणासाठी घरी ज्या मशीनवर ब्लॉक सुरू केले, तेच मशीन आणि तोच पाव इंचाचा प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, न्यावा. वजनाला हलकं म्हणून दुसरं मशीन न्यायचं असेल, तर नमुन्याचा ब्लॉकही त्याच दुसऱ्या मशीनवर शिवावा. सुईखालच्या नीडल प्लेटवर मायेची खूण म्हणून जाड चिकटपट्टी लावलेली असेल, तर तिचा एक तुकडा सोबत ठेवावा. प्रवासात ती निघते.

आता कापडाकडे. धुवायचं की नाही यावर क्विल्टिंग करणाऱ्यांत कायमचे दोन पक्ष आहेत. मला दोन्ही पटतात. पटत नाही ते अर्धं धुतलेलं आणि अर्धं कोरं एकाच गोधडीत घालणं. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं. त्यामुळे मिसळ केली की गोधडी पहिल्यांदा धुतल्यावर काही तुकडे शेजाऱ्याला ओढून धरतात. धुवायचं नसेल तरी लाल, गडद निळं आणि गडद जांभळं कापड एवढं तरी तपासावं : कोमट पाण्यात थेंबभर साबण घालून तुकडा अर्धा तास भिजवावा आणि मग पांढऱ्या कापडावर ठेवून दाबावा. रंग उतरला तर ते कापड उतरायचं थांबेपर्यंत धुवावं, नाहीतर बाजूला ठेवावं.

कांजी मात्र कापण्याआधीच द्यावी, हे नक्की. खळ घातलेलं कापड कागदासारखं सरळ कापलं जातं, आणि उरेब, म्हणजे धाग्याला तिरप्या कापलेल्या, कडा ताणल्या जात नाहीत. पण ओल्या खळीवर गरम इस्त्री फिरली की कापड आटतं. कापलेल्या चौकोनावर खळ फवारली तर ३ इंचांचा चौकोन ३ इंच राहत नाही. म्हणून अख्ख्या कापडावर फवारा, दोन मिनिटं मुरू द्या, इस्त्री करा, पूर्ण वाळू द्या आणि मग कापा.

कापायचं हत्यार म्हणजे रोटरी कटर. ओल्फा या जपानी कंपनीने तो १९७९ मध्ये बाजारात आणला. त्याआधी पुठ्ठ्याचा साचा ठेवून, पेन्सिलीने आखून, कात्रीने एकेक तुकडा कापला जाई. चाकासारख्या पात्याने चार थर एका फटक्यात कापता येऊ लागले आणि पट्ट्या जोडून मग आडव्या कापायची आजची सगळी पद्धत शक्य झाली. रोजच्या कामाला ४५ मिलीमीटरचं पातं, वळणांना २८ चं, जाड थरांना ६० चं. रिट्रीटच्या कापणीआधी नवं पातं घालावं. जुन्या पात्याने मधले दोन धागे सुटतात, मग आपण पुन्हा त्याच रेघेवरून फिरवतो, आणि दुसरी रेघ पहिलीवर कधीच बरोबर पडत नाही.

पट्ट्या कापताना सगळ्यात जास्त वाया जातं ते घडीमुळे. कापड घडी घालून कापलं आणि फूटपट्टी घडीला काटकोनात नसली, तर उलगडल्यावर पट्टीच्या मधोमध कोपर निघतं. लांबून ते दिसत नाही. शिवायला घेतलं की रांग वाकडी पळते. दर तीन-चार पट्ट्यांनंतर एक उलगडून बघावी आणि कोपर दिसलं की कडा पुन्हा सरळ करून घ्यावी. यात कापडाची एखादी बारीक चिंधी जाते. तेवढी जाऊ द्यावी.

काही आकार घरी कापूनच न्यावेत, कारण गडबडीत त्यांची दिशा चुकते. तिरप्या मांडणीतल्या कडेच्या त्रिकोणांचं उदाहरण घ्या. १२ इंचांचा ब्लॉक तिरपा मांडला, तर कडेच्या त्रिकोणांसाठी सव्वाअठरा इंचांचा चौकोन लागतो आणि तो दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण करायचे. कोपऱ्यांसाठी ९ इंच ३ सुतांचा चौकोन, तो एकाच कर्णावर कापून दोन. दोन्ही प्रकारचे त्रिकोण एकाच पद्धतीने कापून मापात बसवता येतात, आणि तिथेच फसगत होते. वर सांगितलं तसं कापलं तर उभा किंवा आडवा धागा गोधडीच्या बाहेरच्या कडेला येतो आणि उरेब बाजू शिवणीत बंद होते. उलट केलं तर चारही कडा उरेब राहतात, आणि गोधडी जमिनीवर पसरली की काठ लाटांसारखा उठतो. ती लाट नंतर इस्त्रीने बसत नाही.

अर्ध्या चौकोनी त्रिकोणांसाठी, म्हणजे दोन त्रिकोण जोडून होणाऱ्या चौकोनासाठी, पुस्तकी माप आहे पूर्ण मापापेक्षा ७ सूत जास्त. म्हणजे ३ इंचांच्या तुकड्यासाठी ३ इंच ७ सूत. मी नेहमी सरळ १ इंच जास्त धरायला सांगेन. ४ इंचांचे दोन चौकोन समोरासमोर ठेवा, कर्ण आखा, त्याच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारा, मधून कापा, इस्त्री करा आणि कर्णावर फूटपट्टीची तिरपी रेघ धरून साडेतीन इंचांना छाटा. दर तुकड्यामागे छाटणीचं अर्धं मिनिट वाढतं, पण प्रत्येक टोक जागेवर बसतं. जमलं तर हे त्रिकोण शिवून, छाटूनच न्यावेत. रिट्रीटमध्ये छाटणीला बसलं की कापायचं टेबल दीड-दोन तास अडतं आणि मागे उभी असलेली माणसं बोलत नाहीत, पण थांबलेली असतात.

कापलेलं कसं भरावं? रंगाप्रमाणे भरू नये, ब्लॉकप्रमाणे भरावं. एका ब्लॉकचे सगळे तुकडे, ज्या क्रमाने जोडायचे त्याच क्रमाने एकावर एक, एका पिशवीत किंवा कागदी ताटलीत. वर चिठ्ठी : ब्लॉकचा क्रमांक, तुकडे किती, शिवण कुठल्या बाजूला पाडायची. ही शेवटची नोंद लोक गाळतात. शेजारच्या दोन शिवणी विरुद्ध बाजूंना पाडल्या तर जोडताना त्या एकमेकींत खाचेसारख्या बसतात आणि चौकोनाचे कोपरे टाचणीशिवायही जुळतात. एकाच बाजूला पडल्या तर तिथे जाड गाठ होते, सुई तिच्यावर चढताना सरकते आणि कोपरा हलतो. घरी शांतपणे एकदा बाण काढून ठेवले की तिथे विचार करायला नको.

उरलेलं कापड घरी ठेवू नका, तेही सोबत घ्या. पार्श्वभूमीचं कापड अर्धा मीटर तरी जादा असावं, कारण चुकीचं कापलं जाणारं कापड बहुतेक वेळा तेच असतं. त्याचे तुकडे सगळ्यात जास्त असतात, आणि त्याच रंगाचं कापड तिथे कुणाकडे मिळत नाही. गोटाच्या, म्हणजे गोधडीचा काठ बंद करणाऱ्या, पट्ट्याही कापून ठेवाव्यात. ६० × ७२ च्या गोधडीचा घेर २६४ इंच. त्यात कोपरे आणि जोडासाठी १२ इंच मिळवले की २७६. कापडाच्या पन्ह्यातून ४० इंच वापरायला मिळतात असं धरलं, तर ७ पट्ट्या. अडीच इंच रुंदीने साडेसतरा इंच, म्हणजे अर्धा मीटर जेमतेम पुरतं. कडा सरळ करताना जाणारं कापड धरून पाऊण मीटर घ्यावं.

किती कामं न्यावीत? तीन. पहिलं मुख्य, जे वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण कापलेलं. दुसरं असं, ज्यात डोकं लागत नाही : अडीच इंचांच्या पट्ट्या टोकाला टोक जोडणं, ५ इंचांच्या चौकोनांच्या जोड्या करणं. संध्याकाळी डोळे थकतात, पण उठून जावंसं वाटत नाही, तेव्हा हे काम लागतं. तिसरं हातशिलाईचं, एखाद्या पुऱ्या होत आलेल्या गोधडीचा गोट मागून टाचणं किंवा तसं काही. वीज गेली किंवा मशीन अडलं तर ते उपयोगी पडतं, आणि गप्पांच्या कोंडाळ्यात मांडीवर घेऊन बसता येतं. नवी, कधीच न केलेली पद्धत यातल्या कुठल्याही कामात नको. ती शिकायला उसवण्याइतका निवांतपणा लागतो.

मशीनची देखभाल करून घ्यायची तर निदान दोन-तीन आठवडे आधी, म्हणजे परत आल्यावर त्यावर शिवून बघता येतं. देखभालीनंतर दोऱ्याचा ताण बदललेला असतो, आणि तो कळायला अर्धी बॉबिन तरी शिवावी लागते. निघण्याआधी नीडल प्लेट काढून कापड सरकवणाऱ्या दात्यांमधला आणि बॉबिन केसमधला कापसाचा चोथा ब्रशने काढावा. फुंकर मारू नये. श्वासातली वाफ आत जाते आणि चोथा आणखी खोल सरकतो. तेल घालायचं की नाही, हे त्या मशीनच्या पुस्तिकेत बघावं, कारण काही मशीनना बाहेरून तेल घालायचं नसतं. भरताना सुई काढून घ्यावी, कापडाची जाडसर घडी प्रेसर फूटखाली ठेवून फूट खाली सोडावा आणि बाहेर आलेला रिळाचा दांडा काढता येत असेल तर काढावा. मशीन नेहमी उभंच न्यावं. गाडीत आसनावर ठेवून पट्टा लावणं सगळ्यात सुरक्षित. थंड गाडीतून उबदार खोलीत आणलं असेल तर तासभर बंदच राहू द्यावं. आत धरलेलं दव उडून जातं.

पेडल आणि वायर मशीनच्याच पिशवीत, वेगळ्या पिशवीत कधीच नाही. सगळ्यात जास्त विसरली जाणारी वस्तू हीच आहे, कारण घरी ती टेबलाखाली कायमची पडलेली असते आणि तिच्याकडे लक्षच जात नाही. दुसऱ्याचं पेडल जुळेलच असं नाही. परदेशी जायचं असेल तर मशीनवरच्या पाटीवर व्होल्ट वाचावेत : १२० व्होल्टचं मशीन २३० च्या विजेवर लावलं की जळतं, नुसता प्लग बदलून भागत नाही. विमानात रोटरी कटर आणि पाती हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत. ती मोठ्या बॅगेत.

सुई साधारण ८ तासांच्या शिवणानंतर बोथट होते. २१ तासांना तीन हव्यात, म्हणून पाचांचं एक पाकीट घ्यावं. तुकडे जोडायला ७५/११ किंवा ८०/१२ नंबरची, तिन्ही थर एकत्र शिवायला ९०/१४. टाके सुटायला लागले, कापडातून टकटक आवाज आला, की ताण फिरवण्याआधी सुई बदलून बघावी. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं. जोडकामाला ५० नंबरचा सुती दोरा चांगला. आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक, हे उलटं गणित नव्यांना गोंधळात टाकतं. रंग मध्यम करडा ठेवला तर फिक्या आणि गडद दोन्ही कापडांत विरून जातो, त्यामुळे दर कापडाला रीळ बदलायला नको. बॉबिन ६ ते ८ भरून न्याव्यात. टाका २ ते अडीच मिलीमीटर. याहून बारीक असेल तर उसवताना कापड फाटतं, मोठा असेल तर शिवणीची टोकं सुटतात.

उसवण्यासाठी सीम रिपर नवा घ्या. त्याचंही पातं बोथट होतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मग आपण जोर लावतो आणि कापडाला भोक पडतं. दर तिसरा-चौथा टाका कापायचा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढून घ्यायचा. प्रत्येक टाका उचलत बसायची गरज नाही.

विजेचा विचार एकट्याने करून भागत नाही, सगळ्यांनी मिळून आधी ठरवावा. शिवणयंत्राला साधारण १०० वॅट लागतात, वाफेच्या इस्त्रीला १५०० ते २०००. १२० व्होल्टच्या १५ अँपिअर सर्किटवर एकूण १८०० वॅट बसतात, म्हणजे एक इस्त्री आणि फार तर दोन-तीन मशीन. २३० व्होल्टच्या १६ अँपिअर सर्किटवर सुमारे ३६८०, म्हणजे दोन इस्त्र्या लावल्या की संपलं. प्रत्येकाने आपापली इस्त्री आपल्या टेबलाशी लावली की ब्रेकर पडतो आणि सगळ्या ओळीतली मशीन टाक्याच्या मध्येच थांबतात. इस्त्र्या वेगळ्या भिंतीकडे, वेगळ्या सर्किटवर असाव्यात. गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनवर इस्त्री कधीच लावू नये. गुंडाळीत उष्णता कोंडते आणि वायरचं आवरण वितळतं. ज्यांना जागेवरून न उठता शिवण दाबायची आहे, त्यांच्यासाठी लाकडाची सपाट पट्टी किंवा छोटा रोलर पुरतो. वाफेची इस्त्री शेवटी, ब्लॉक पुरा झाला की.

शरीराचं गणित सामानाच्या यादीत क्वचित येतं, पण दुसऱ्या दिवशी काम थांबतं ते बहुतेक मानेमुळे. सभागृहातलं टेबल साधारण २९-३० इंच उंच असतं. त्यावर मशीन ठेवलं की शिवायची पातळी आणखी तीन-चार इंच वर जाते, खांदे उचलले जातात आणि दुपारपर्यंत आखडतात. टेबल खाली करता येत नाही, म्हणून स्वतःला वर करायचं : बसायला टणक उशी आणि पायांखाली पाट. उशी मऊ असली तर तासाभरात दबते. कोपरं मशीनच्या पातळीला आली पाहिजेत. कापायला मात्र हेच टेबल फार बुटकं. तिथे ३६ इंच हवेत, म्हणून टेबलाच्या पायांखाली ठोकळे ठेवतात. पेडल गुळगुळीत फरशीवर पुढे पुढे सरकत जातं, त्याच्याखाली कपाटात अंथरतात तशी रबरी जाळी घालावी. आणि एक छोटा दिवा, सुईच्या डावीकडे लावायला.

कापायची मॅट सपाटच न्यावी; गुंडाळली की तिचा बाक जात नाही. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलेली मॅट वाकते आणि मग तिच्यावर ठेवलेली फूटपट्टी डुलते. लांब फूटपट्टी मॅट आणि एखाद्या फळीच्या मध्ये ठेवावी, अ‍ॅक्रिलिकची टोकं आधी टवका जाऊन फुटतात. एवढ्याच जागेत मांडणीचं कापडही मावतं : ज्याची मागची बाजू फ्लॅनेलची असते असं मेणकापडी टेबलक्लॉथ. फ्लॅनेलवर ब्लॉक टाचणीशिवाय चिकटून राहतात. भिंतीवर टांगा, ब्लॉक लावा, लांबून बघा. परत जाताना ब्लॉकसकट गुंडाळून घ्या, क्रम हलत नाही. फोटो काढून तो कृष्णधवल करून बघितला की फिकं-गडद कुठे चुकलंय ते लगेच दिसतं. हॉलच्या पिवळ्या दिव्यात डोळ्यांना ते दिसत नाही. प्रत्येक वस्तूवर नाव चिकटवा. सगळ्यांच्या कात्र्या सारख्याच दिसतात.

एकच मोठं काम मात्र घरापेक्षा तिथे चांगलं होतं : तीन थर टाचणं. वरचा थर, मधला कापूस आणि अस्तर घरी जमिनीवर गुडघे टेकून टाचण्यापेक्षा तिथली चार टेबलं जोडून आणि चार हात मागून घेऊन ते पाऊण तासात होतं. त्यासाठी अस्तर चारही बाजूंनी ४ इंच मोठं हवं, म्हणजे ६० × ७२ ला ६८ × ८०, आणि ते घरूनच जोडून, इस्त्री करून न्यावं. अस्तर टेबलाला चिकटपट्टीने ताठ लावायचं, पण ताणायचं नाही. ताणून लावलं तर पट्टी काढल्यावर ते आक्रसतं आणि वरचा थर फुगतो. सेफ्टी पिन मुठीच्या अंतरावर, साधारण दर ४ इंचांवर. या मापाच्या गोधडीला सुमारे २७०. शंभर पिनांची डबी घेऊन निघालेल्यांना पहिल्या एक तृतीयांश भागातच हे कळतं. चिकटणारा फवारा वापरायचा असेल तर बाहेर उघड्यावर वापरा, बंद हॉलमध्ये तो सगळ्यांच्या नाकात जातो.

रात्रीच्या कामाविषयी माझं मत कडक आहे. जेवणानंतर रोटरी कटर बंद. थकलेला हात फूटपट्टीच्या कडेवरून सरकतो, आणि ते पातं बोटाला थांबत नाही. दिवसासुद्धा प्रत्येक कापानंतर पात्याचं झाकण मिटायचं, मोजायला खाली ठेवलं तरीही. रात्री ते डोकं न लागणारं दुसरं काम घ्यावं. दोनदा लागोपाठ तेच उसवावं लागलं तर दिवस संपला असं समजून उठावं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळं भरून झाल्यावर एकच पिशवी मोकळी ठेवावी. तिच्यात बोटभर लांबीची दोन-चार चिंध्या. साखळीने, म्हणजे दोरा न तोडता एकामागून एक, तुकडे शिवताना सुरुवात नेहमी चिंधीवर करायची, म्हणजे सुटा दोरा खाली ओढला जाऊन पहिल्याच तुकड्याखाली गुंता होत नाही. त्याच पिशवीत भरलेली एक बॉबिन, नवी सुई, आणि पहिल्या ब्लॉकचे पहिले दोन तुकडे, सुलट बाजू आत घेऊन, कडा जुळवून, टाचणी लावलेले. ही पिशवी सगळ्यांत वर ठेवावी.